एका बाईपुरता तालुका

आमच्या गावाचं मंडळ लालबागच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर होतं. मंडळ म्हणजे एक खोली. गावातून गिरणीत कामाला आलेल्या पुरुषांनी ती मिळून भाड्यानं घेतलेली होती आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या वर्षांत तिच्यात सव्वीस जण राहत. एका वेळी सव्वीस माणसं तिथं मावत नसत. मावायची गरजही नव्हती. पहिली पाळी उठून गेली की रातपाळीची माणसं त्याच जागी पसरत. प्रत्येकाची एक ट्रंक, एक वळकटी आणि भिंतीवर एक खुंटी. देवळाची दुरुस्ती, शाळेची कौलं, बांधाचं भांडण, कोणाच्या मुलीचं लग्न, हे सगळं गावात ठरत नसे. ते या खोलीत रविवारी सकाळी ठरे आणि गावाला पत्रानं कळे.

खोलीच्या आतल्या बाजूला फळ्यांचा आडोसा होता. आडोशामागं चूल, पाण्याचं पिंप आणि एका जोडप्यापुरती जागा. तिथं खोली सांभाळणारा माणूस आणि त्याची बायको राहत. तो गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होता. ती दोन वेळा सव्वीस जणांचं जेवण करी. मी धरून सत्तावीस. मी गिरगावातल्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. झोपायला काळाचौकीला मावशीच्या गॅलरीत, जेवायला मंडळात. वडील त्या गावचे, मी मुंबईत जन्मलेला. गाव लहानपणी दोनदा पाहिलेलं. मॅट्रिकच्या पुढं शिकलेला मंडळात मी एकटाच, म्हणून मला चिटणीस केलं होतं.

तिला सगळे वैनी म्हणत, पन्नाशीचेही. तिचं वय पस्तिशीच्या आसपास होतं. मूल नव्हतं.

त्या आषाढात तिचा नवरा गेला. त्याची छाती कापसाच्या तंतूंनी भरली होती. वर्षभर तो खोकत होता. त्याच्या खोकल्यानं पहिल्या पाळीच्या माणसांची झोपमोड होते, अशी तक्रार मंडळाच्या इतिवृत्तात दोनदा नोंदलेली आहे. दोन्ही वेळा अक्षर माझं आहे.

तेराव्यानंतरच्या रविवारी बैठक झाली. मंडळाचा नियम साधा होता. खोली गावच्या पुरुषांची. बाई राहील ती कोणाची तरी बायको म्हणून. अध्यक्ष परळच्या एका गिरणीत जॉबर होते. त्यांचा आवाज कधी चढत नसे. बदली कामगारांना कामावर घ्यायचं की नाही हे त्यांच्या हातात होतं आणि खोलीतले निम्मे लोक बदलीवर होते, त्यामुळं आवाज चढवायचं त्यांना कारण पडत नसे.

"वैनीक गावाक पाठवूया," ते म्हणाले. "नवऱ्याचो वाटो आसा थंय. कुणगे आसत, माड आसत. हय काय आसा तिचा?"

"हय तुमचा जेवण आसा," आडोशामागून आवाज आला.

लोक हसले. अध्यक्षही हसले.

ती बाहेर आली आणि खोलीच्या उंबरठ्यावर बसली. "माका हयच ऱ्हवूंदेत. जेवण करतंय, भायर गॅलरीत निजतंय. आतली जागा नको माका."

"गॅलरीत?" अध्यक्ष म्हणाले. "उद्या सगळी चाळ म्हणतली, सव्वीस जणांनी मिळून एक बाई ठेवल्यानी."

या वेळचं हसणं जास्त वेळ चाललं. एक तरुण बदली कामगार म्हणाला, "वैनी, इतक्या लोकांक जेवूक घातलंस, तुका स्वर्गात स्वतंत्र खोली मिळतली. नळासकट." ती त्याच्याकडे पाहत राहिली. सकाळी त्याची भाकरी तिनंच बांधून दिली होती.

पण अध्यक्षांना नुसतं बहुमत नको होतं. उद्या गावात कोणी म्हणायला नको की मंडळानं विधवेला हाकललं. ते माझ्याकडे वळले. "आपलो पेपरवालो आसा. गणपतीक गावाक जाऊंदे, सगळा बघूंदे, एक पान लिवन आणूंदे. एकटी बाई थंय स्वतःच्या जिवार ऱ्हवाक शकता की नाय. कागद सांगात तसा करूया."

ठराव एकमतानं मंजूर झाला. मत फक्त पुरुषांना होतं.

त्याच आठवड्यात संपादकांनी मला बोलावलं. मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याची भाषा दिल्लीत चालली होती आणि आमचं दैनिक तिच्या विरोधात रोज लिहीत होतं. कोकणातली माणसं मुंबईत उपरी आहेत, त्यांनी हवं तर आपल्या शेतावर परत जावं, असं कोणीतरी भाषणात म्हटलं होतं. संपादकांना त्याला उत्तर हवं होतं, पण घोषणेचं नव्हे. "समुद्रकाठचा एक तालुका घ्या," ते म्हणाले. "मुंबईवाचून तो जगू शकतो का, पाहून या. विशेषणं नकोत. भात किती महिने पुरतं ते लिहा."

अशी एकाच प्रवासात दोन कामं झाली. मी एकच वही घेतली. पुढून दैनिकाच्या नोंदी, मागून मंडळाच्या.

निघायच्या दिवशी मी जेवायला बसलो होतो. पंगत उठून गेली होती. तिनं मला कुळथाची पिठी वाढली आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"भावजी, एक काम करशात?"

"सांगा."

"पाणी बघूक जाशात तेव्हा बायकांक इचारा. पुरुष पाणी पितत, भरनत नाय."

मी ते वहीत लिहून घेतलं. मागच्या बाजूला, पहिल्या ओळीत.

पावसाळ्यात बंद असलेल्या बोटी अजून सुरू झाल्या नव्हत्या. कोल्हापूरवरून घाट उतरून एस.टी.नं आम्ही गेलो. मंडळाचे अकरा जण आणि मी. गावात आठ दिवस होतो. भाद्रपदात तो तालुका जसा दिसतो तसा दिसला. भात पोटरीवर आलेलं, कुणग्यांतून, म्हणजे भाताच्या खाचरांतून, पाणी वाहतंय, वाटेच्या दोन्ही बाजूंना भोपळ्याचे वेल कौलांवर चढलेले. विहिरीला काठाशी वाकून तांब्या बुडवता येत होता. मी स्वतः बुडवून पाहिला आणि लिहिलं: पाणी हाताशी.

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. लाकडी चौकट असते. त्या दिवसांत रानात आणि परसात जे जे येतं ते सगळं तिला टांगतात: काकडी, चिबूड, दोडका, सुपारीचा घोस, नारळाची पेंड, आंब्याचे टहाळे. तिच्या दिराच्या घरी मी आरतीला उभा असताना माटवीवरचे जिन्नस मोजले. एकवीस होते. एका घराच्या परसात काय पिकतं याची यादी त्याच घरानं माझ्यासाठी डोक्यावर टांगून ठेवलेली आहे, असं मला वाटलं. मला ती पद्धत उपयुक्त वाटली.

दैनिकाच्या नोंदींसाठी मी तलाठ्याला भेटलो, शाळामास्तरांना भेटलो, बाजारातल्या दुकानदाराला भेटलो. तिघांनी वेगवेगळं बसून एकच सांगितलं. तालुक्याचं भात आठ महिने पुरतं. उरलेले चार महिने मुंबईच्या मनीऑर्डरीवर जातात. अठरा ते पन्नास वयाचा पुरुष गावात गणपतीत आणि शिमग्यात दिसतो, एरवी नाही. पोस्टमन आजारी पडला तर दुकानदार तांदूळ उधार द्यायचं थांबवतो. तीन स्वतंत्र माणसांनी दुजोरा दिला की आमच्या दैनिकात बातमी पक्की मानत.

मंडळाच्या नोंदींसाठी तिच्या दिराला भेटलो. तो पडवीत बसून सुपारी कातरत होता.

"वैनी आली तर तुमची हरकत आहे?"

"हरकत कसली? येऊंदे. घरची आसा. आमका माणूस व्हयाच."

"तिच्या नवऱ्याचा वाटा वेगळा काढून द्याल?"

"वाटो आसाच. मेल्या, वाटो खंय पळता?" तो हसला. "ऱ्हवतली, खातली, काम करतली."

मी लिहिलं: नातेवाइकांचा विरोध नाही, स्वागत आहे. त्याची बायको आत चुलीशी होती. तिच्याशी बोललो नाही. गावातल्या कुठल्याच बाईशी बोललो नाही. आठही दिवस बायका एक तर मोदक उकडत होत्या, नाही तर भांडी घासत होत्या, नाही तर विहिरीवर होत्या, आणि विहिरीवर उभं राहून बायकांशी बोलायची गावात रीत नाही. वेळ मिळाला असता. तो मी काढला नाही.

परत आल्यावर आधी दैनिकाचा लेख लिहिला. संपादकांनी त्यातला एक शब्दही कापला नाही. तो छापून आला त्या रविवारी मंडळात मोठ्यानं वाचला गेला. मीच वाचला. मुंबई तोडली तर हा तालुका चार महिने उपाशी मरेल, या वाक्याला टाळ्या पडल्या. मोर्चात अध्यक्ष नेहमी पुढं असत. पोलिसांची लाठी डाव्या कोपरावर बसली होती ती जागा ते बाही दुमडून दाखवत. त्या दिवशीही दाखवली. मग त्यांनी मला स्वतःच्या डबीतलं पान दिलं. ती आडोशामागं भाकऱ्या थापत होती. थापण्याचा आवाज वाचन चालू असताना थांबला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं.

जिन्यात उतरताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मावशीकडे गॅलरीत निजतंस ना रे?"

"होय."

"आतली जागा मोकळी झाली की थंय कोणतरी लिवणारो-वाचणारो ऱ्हवलेलो बरो. मंडळाचे कागद तरी सुके ऱ्हवतले."

ते इतकंच बोलले. पानात काय लिहायचं हे त्यांनी कधीही सांगितलं नाही.

ते पान मी दुसऱ्या दिवशी कचेरीत, जेवणाच्या सुट्टीत लिहिलं. मजकूर असा होता:

"जमीन: भाताचे दोन कुणगे, डोंगरउताराला नाचणीपुरती वरकस. माड पाच, फणस एक. पाणी: सामाईक विहीर, घरापासून साठ पावलं, भरपूर. भाजीपाला: मुबलक, एकवीस जिन्नस प्रत्यक्ष मोजले. सरपण: फुकट. मीठ व रॉकेल: विकत. निवारा: दिराच्या घराची पडवी. नातेवाईक: विरोध नाही, स्वागत आहे. निष्कर्ष: एकटी व्यक्ती, अंगात ताकद असल्यास, बाहेरच्या मदतीवाचून तिथं राहू शकते."

यात एकही ओळ खोटी नव्हती. मी ते दोनदा तपासलं.

पुढच्या रविवारी बैठकीत वाचून दाखवलं. ती उंबरठ्यावर, पदर डोक्यावर घेऊन बसली होती. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "भावजी, माटवीक कवंडळा बांधलली?"

कवंडळ हे लाल रंगाचं रानफळ. दिसायला सुरेख आणि इतकं कडू की गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. माटवीला ते शोभेसाठी टांगतात.

मी वही पाहिली. "बांधली होती."

"ती एकवीसांत धरलास?"

"धरली आहेत."

"कवंडळा कोण खाता?"

"वैनी खातली," मागून कोणी तरी म्हणालं. खोली हसली. मी पानावर एकवीस खोडून वीस केले.

ती थांबली नाही. "गेल्या आयतवारी ह्याच जाग्यार बसान तुमीच वाचलात. भात आठ म्हयने पुरता, चार म्हयने मनीऑर्डरीर. माका मनीऑर्डर कोण धाडतलो?"

प्रश्न सगळ्यांना कळला होता. मग अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "वैनी, ता तालुक्याचा. ह्या एका बायचा. तालुक्याक हजारो तोंडां. तुका तोंड एक." ते माझ्याकडे वळले. "काय चिटणीस, लेखात आणि ह्या कागदात काय भांडण आसा?"

"विसंगती नाही," मी म्हणालो. "लेख सरासरीचा आहे."

"बघ."

"बायकांक इचारलात?" तिनं मला विचारलं.

"वेळ मिळाला नाही."

तिनं मान हलवली, जशी एखादी गोष्ट मोजून पुरी झाल्यावर हलवतात. मग उठून आत गेली. त्या दिवशी जेवणात बांगड्याचं तिखलं होतं. सगळ्यांनी दोनदा भात घेतला.

दिवाळीनंतरच्या बोटीनं तिला पाठवलं. मंडळानं एक साडी, एक घमेलं आणि कोयता दिला. दुसऱ्या दिवशी मी मावशीकडून माझी ट्रंक आणली. आडोशामागं चूल होती तिथं खाट बसेना, म्हणून चूल फोडावी लागली. खोलीतल्यांनी परळच्या एका खानावळीतून डबे सुरू केले. डाळ पातळ असे आणि भात गार. पहिल्या महिन्यात त्यावर बरीच कुरकुर झाली. वैनीला पाठवलं ते चुकलं, असं मात्र कोणी म्हटलं नाही. लोक खानावळवाल्याला शिव्या देत.

वैशाखात एका रविवारी, बैठक सुरू व्हायच्या आधी, ती दारात उभी राहिली. बोटीनं आली होती, भाऊच्या धक्क्यावरून चालत. हातात एक बोचकं होतं. पहिल्यांदा कोणी ओळखलं नाही. एकानं तिला "आज काय नाय, फुडे जा," असंही म्हटलं. ती आत आली आणि आडोशापर्यंत गेली. तिथं माझी खाट, टेबल आणि कागदांचे गठ्ठे होते. चुलीची जागा तिनं नजरेनं शोधली. मग परत येऊन आपल्या जुन्या उंबरठ्यावर बसली.

तिनं जे सांगितलं ते सरळ क्रमानं सांगितलं. मी त्याच्या नोंदी घेतल्या. बैठक चालू असताना लिहीत राहायची मला सवय होती. तिच्या वाट्याचं भात झोडून झालं त्या दिवशीच दिराच्या कणगीत गेलं. वेगळं मागितलं तर दीर म्हणाला, एका चुलीवर दोन कणग्या कशाला. विहीर शिमग्याच्या आधीच आटली. मग पाणी डोंगराखालच्या व्हाळातून. व्हाळ म्हणजे ओढा, तोही कोरडा. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरायची वाट पाहायची आणि करवंटीनं हंड्यात भरायचं. पहाटेपासून उन्हं चढेपर्यंत सहा खेपा. घरात नऊ माणसं आणि चार गुरं. ती गावी गेल्यापासून जाऊ व्हाळावर येईनाशी झाली होती.

"गावच्या पोरी लगीन करून मुंबयक येवक बघतत ता कशाक?" ती म्हणाली. "नवऱ्यासाठी नाय. नळासाठी."

दोघं-तिघं हसले.

"तुझी जाव काय करता मग?" अध्यक्षांनी विचारलं.

"माका हाक मारता."

मग तिनं असं काही केलं की मी लिहायचा थांबलो. डोक्यावरचा पदर मागं सारून तिनं मान खाली घातली. टाळूच्या मध्यावर रुपयाहून मोठी जागा पूर्ण उघडी होती. केस नव्हते, कातडी जाड आणि चकचकीत झाली होती. चुंबळ आणि हंड्यानं घासून झालेली. सहा महिन्यांत.

खोलीतले पुरुष खाली पाहू लागले. त्या जागेकडे पाहवत नव्हतं म्हणून नव्हे. विधवेनं भर बैठकीत पदर काढला होता.

"पदर घे, वैनी," अध्यक्ष हळू म्हणाले.

तिनं घेतला. "कागदात लिवलला खोटा आसा," ती म्हणाली. "तितक्याच सांगूक इलंय. माका परत घेवा. खाट नको, आतली जागा नको. चूल भायर गॅलरीत मांडीन. डबे आणतास ते मी करीन. निजाक दुसरीकडे बघीन."

डब्यांना कंटाळलेल्या चार-पाच जणांनी एकमेकांकडे पाहिलं. माझा अंदाज आहे की त्या क्षणी कोणी एकानं तोंड उघडलं असतं तर ती राहिली असती. अध्यक्षांनाही ते दिसलं असावं, कारण त्यांनी मत घेतलं नाही. त्यांनी मला विचारलं.

"चिटणीस, तू लिवलंस ता खरा की खोटा? एक शब्द सांग."

सगळे माझ्याकडे पाहत होते. ती पाहत नव्हती. ती माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहत होती.

"मी पाहिलं तेव्हा तसं होतं," मी म्हणालो.

"म्हणजे खरा."

"त्या दिवसांपुरतं खरं."

"खरा ता खरा," अध्यक्ष म्हणाले. "आता वैशाखात सगळ्यांचीच पाणयां आटतत. लालबागचो नळ तरी खंय दिवसभर येता? दोन म्हयने काढ, पाऊस पडलो की सगळा बरा होता. मंडळ कागदार चलता, वैनी. डोक्यार नाय."

एवढं बोलून त्यांनी पुढचा विषय घेतला. पुढचा विषय मोर्चाला कोणी कोणती पाळी बुडवायची हा होता. तिला त्या दुपारी खानावळीच्या डब्यातलं जेवण दिलं. पाहुण्यासारखं, आधी. तिनं डाळ चाखली आणि ताट पुरं केलं.

पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस राहिले होते. मंगळवारच्या बोटीचं तिकीट काढलं. खिडकीवरच्या कारकुनाशी नीट बोलता येईल म्हणून धक्क्यावर मला पाठवलं. गडी माणूस बरोबर म्हणून एक रातपाळीवाला आला आणि बोचक्याला टेकून झोपला. उकाडा होता. बोटीवर आंब्याच्या रिकाम्या पेट्या चढत होत्या. आम्ही दोघं सावलीला उभे होतो.

"भावजी," ती म्हणाली, "तुमच्या पेपरात चूक झाली तर काय करतात?"

"दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापतो."

"खंय?"

"आतल्या पानावर. लहान टायपात."

"चालात. लहान चालात." ती थोडी पुढं सरली. "माझी छापा. अध्यक्ष पेपर वाचतत. मंडळात मोठ्यान वाचतत. छापलला ता ऐकतले. विहीर आटता, इतक्याच लिवा. माझा नाव नको."

मी तिला समजावून सांगितलं. दैनिकात आलेला लेख बरोबर होता. त्यात चूक नव्हती, त्यामुळं दुरुस्तीचा प्रश्न नव्हता. चूक असलीच तर ती मंडळासाठी लिहिलेल्या पानात होती, आणि ते पान कधी छापलं गेलं नव्हतं. जे छापलं नाही त्याची दुरुस्ती छापता येत नाही. हे मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. एखाद्या वाचकाला सांगावं तसं.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे पेपरात खरा लिवलास," ती म्हणाली, "आणि माझ्या कागदात तुमका व्हया होता ता."

ती माझ्या उत्तरासाठी थांबली नाही. तिनं रातपाळीवाल्याला पायानं हलवून उठवलं, त्याच्या डोक्याखालचं बोचकं काढून घेतलं आणि फळीवरून बोटीत गेली. वरच्या डेकवर जागा होती. ती खाली गेली. बोट सुटेपर्यंत थांबायचं असं मंडळात ठरलं होतं म्हणून मी थांबलो.

पुढच्या गणपतीत गेलेल्यांनी येऊन सांगितलं, आहे. कशी आहे, असं मी विचारलं. आहे म्हणजे आहे, ते म्हणाले, पाणी विहिरीला भरपूर आहे. त्यानंतरच्या वर्षीही तेच सांगितलं. मधल्या काळात मी आडोशामागं राहून चळवळीवर पुष्कळ लिहिलं आणि त्यातलं काही त्या वेळी गाजलंही.

मग राज्य झालं. मुंबई महाराष्ट्रात राहिली. खोलीत पेढे आले, दिव्यांची माळ गॅलरीच्या कठड्याला बांधली, आणि अध्यक्षांनी भाषण केलं की आता कोकणाच्या तोंडचा घास कोणी काढू शकत नाही. त्यांनी माझ्या त्या जुन्या लेखाचाही उल्लेख केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तीन आठवड्यांनी दिराचं कार्ड आलं. वैनी व्हाळावर गेली होती, खड्डा खोल गेला होता, आत उतरून भरताना वरची वाळू आणि दगड सुटले. काढलं तेव्हा जीव नव्हता. क्रियाकर्म झालं आहे, मंडळानं कळावं. कार्डावर आणखी काही नव्हतं.

रविवारच्या बैठकीत दुखवट्याचा ठराव मांडायचा होता. तो लिहिणं चिटणीसाचं काम. मी चार ओळी लिहिल्या. मंडळाची अनेक वर्षं अन्नपूर्णेप्रमाणे सेवा करणाऱ्या भगिनीचं पाणी भरताना वाळूखाली सापडून निधन झालं, अशी पहिली ओळ होती. अध्यक्षांनी चष्मा लावून ती वाचली.

"ह्या नको," ते म्हणाले. "गावाची बदनामी होता. इतिवृत्त पुढची पोरां वाचतली. 'अल्पशा आजाराने' लिव."

मी "पाणी भरताना वाळूखाली सापडून" हे शब्द खोडले आणि वर "अल्पशा आजाराने" असं लिहिलं. ठराव एकमतानं मंजूर झाला. शांतता दोन मिनिटांची पाळायची होती. दुसऱ्या पाळीच्या माणसांना उशीर होत होता, म्हणून एक मिनिट पाळली.